दगड्याचा विमा

"उचल, उचल त्याले गादीवरून!" गोवर्धन मुनीम ओरडला, पण तोवर पिल्लानं आपलं काम उरकलं होतं.

पेढीवर बसलेले गाडीवान पोट धरधरून हसले. खुशालरावानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पांढरी गादी पुसून काढली, पिल्लू काखोटीला मारलं आणि हसणाऱ्यांकडं ढुंकूनही न बघता पुन्हा तेच विचारलं, "मंग निंगते का इमा याचा?"

"कापसाचा निंगते, गाडीचा निंगते, बैलाचा निंगते," मुनीम म्हणाला. "कुत्र्याचा कोनी मांगतलाच नाई आजवर."

"मी मांगून राहिलो ना."

त्या दिवसांत अमरावतीच्या पेठेत असं काही विचारलं तर कुणी वेड्यात काढत नसे. सातासमुद्रापलीकडं कुणाची तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचं मोल आलं होतं. ज्यांच्या बापजाद्यांनी चांदी फक्त देवाच्या टाकात पाहिली, ते बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवत होते. पाऊस कुठल्या दिवशी पडेल यावर पैजा लागत होत्या. मालाचा विमा उतरवणाऱ्या पेढ्यांवर तर सकाळपासून गाडीवानांची रीघ असे. रस्त्यात माल लुटला, जळला, नदीत गेला, तर पेढी भरपाई देई. त्याबद्दल आधी थोडे पैसे घेई. लोकांना त्याची अशी काही चटक लागली होती की मुनीम थट्टेनं म्हणे, एक दिवस हे लोक बायकोच्या रागाचाही विमा मागायला येतील.

खुशालराव तेल्हाऱ्याचा. घरची काळी जमीन थोरला भाऊ पाही; खुशालरावाच्या वाट्याला गाडी आणि बैलजोडी आली होती. आकोट, दर्यापूर करत तो लोकांचा कापूस अमरावतीला पोचवी. कापूस महाग झाला तसे रस्त्यातले हातही लांब झाले. गाडी मुक्कामाला सुटली, गाडीवानाचा डोळा लागला, की कापसाच्या बोऱ्याला भोक पडलंच म्हणून समजा. म्हणून आकोटाजवळ लमाणांचा तांडा उतरला होता तेव्हा त्यानं जोंधळे मोजून हे पिल्लू घेतलं. लमाणांचं कुत्रं म्हणजे काय विचारता! झोप म्हणून माहीत नाही, आणि मालकाखेरीज दुसरा हात बोऱ्याला लागला तर तो हात तिथंच ठेवून जावं लागे. गाडीबरोबर असं कुत्रं असलं की पेढीवाले विम्याचे पैसेसुद्धा कमी घेत. म्हणजे कुत्र्याला किंमत होती, यात काही खोटं नव्हतं.

मुनीमानं पिल्लाचे पंजे दाबून पाहिले, जबडा उघडून पाहिला. मग शेटजींकडं पाहिलं. शेटजी पान लावत होते. त्यांनी मान हलवली.

"आयक," मुनीम म्हणाला. "मालाले जसा इमा तसा याले. गळ्यात दोरी बांधीन, गाठीवर लाख ओतीन, लाखेवर शेटजीचा मोराचा छाप मारीन. वैशाखातल्या अखजीपावतर इमा. मेलं, चोरीले गेलं, वाघानं नेलं, चांगल्या गोऱ्ह्याचे पैसे घेऊन जाजो. पन छाप तुटला का दोरी कापली, तं इमा संपला. मंग ते कोनाच्या हातानं का होईना."

"उद्या सांगतो," खुशालराव म्हणाला.

खाली मैदानात गाड्या सोडलेल्या होत्या. ऊन कललं होतं आणि चुली पेटत होत्या. शेषराव त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा. दोघांच्या गाड्या नेहमी मागंपुढं चालत. त्यानं भाकर थापता थापता विषय काढला.

"खुशालभाऊ, येडा झाला का तू? कुत्र्याले कोनी इमा काढते? त्या पैशात पिल्लाले सालभर दूधभाकर होते."

"अन् मेलं तं?"

"मेलं तं दुसरं आनजो. लमाण काय मरून गेले का?"

"दुसरं आनजो," खुशालराव त्याच्याच सुरात म्हणाला आणि पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवू लागला. शेषरावाला आपण काय बोलून गेलो ते कळलं. त्यानं तव्यावरची भाकर उगाचच दोनदा उलटली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तेल्हाऱ्यात महामारी आली होती. खुशालरावाचा एकुलता एक पोरगा सोनाजी तेव्हा नुकता दुडूदुडू धावायला लागला होता. गावात पहिली दोन मढी उठली तसा खुशालराव पिराच्या दर्ग्यावर जाऊन ताईत घेऊन आला आणि पोराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधला. घामानं आणि मळानं तो दोरा ताठ झाला, मान लाल झाली, म्हणून त्याच्या बायकोनं, रुख्मिणीनं, आंघोळ घालताना तो काढला, धुतला आणि वाळायला खुंटीवर टांगला. दुसऱ्या दिवशी दुपारी सोनाजी गेला. ताईत खुंटीवरच होता. त्या दिवशी सगळ्या भावकीदेखत खुशालराव म्हणाला, "तायत काढला म्हनून माहं लेकरू गेलं."

पुन्हा तो कधी ते बोलला नाही. पण रुख्मिणीनं त्यानंतर घरातली कुठलीही गाठ स्वतःच्या हातानं सोडली नाही. गाडीच्या दोऱ्या, धान्याच्या पोत्यांची तोंडं, एवढंच काय, भावजयीच्या लेकराच्या मनगटातला गंडा कुजला तरी तिनं त्याला हात लावला नाही. "तुमीच सोडा बाप्पा," एवढंच म्हणे. खुशालरावाला हे दिसत होतं. आणि त्याला, खरं सांगायचं तर, ते योग्यच वाटत होतं. आपल्या दुःखाला एक कारण सापडलं की माणूस ते सहजासहजी हातचं जाऊ देत नाही.

पिल्लू घरी आणलं तेव्हा त्याचं नाव तिनंच ठेवलं होतं, दगड्या. "चांगलं नाव नको," ती म्हणाली होती. "सोनं म्हनलं तं देवानं नेलं. दगड कोन नेते?"

सकाळी खुशालरावानं पेढीवर जाऊन पैसे मोजले. शेषराव बाहेर उभा राहून कपाळावर हात मारत होता. मुनीमानं पिल्लाच्या गळ्यात अंबाडीची दोरी बांधली, गाठीवर लाख वितळवून ओतली आणि पितळी छाप दाबला. चटका बसून दगड्या केकाटला. लाख निवली तसा त्याच्या गळ्याखाली पिसारा फुलवलेला लाल मोर दिसू लागला. खुशालरावाला किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता याला कुणी काही करू शकत नाही, असं तो गाडी हाकताना स्वतःशीच म्हणाला. विमा म्हणजे मरण टळत नाही, मेल्यावर पैसे मिळतात, हे त्याला माहीत होतं. मुनीमानं नीट समजावून सांगितलं होतं. पण गळ्यात काहीतरी बांधलं आहे, ही गोष्ट त्याच्या मनात वेगळ्याच जागी जाऊन बसली होती.

तेल्हाऱ्याला पोचल्यावर दगड्या उडी मारून आधी रुख्मिणीकडं धावला. तिनं वाकून त्याला जवळ घेतलं, आणि तिचा हात गळ्यातल्या दोरीला लागला. तिनं हात मागं घेतला.

"हे काय बांधलं?"

"इमा हाये तो."

तिला विमा समजावून सांगायला त्याला बराच वेळ लागला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "बोरा काही वाढत नाई. हे तं वाढीन ना?"

खुशालराव थोडा गोंधळला. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मुनीमाच्या नाही, शेटजींच्याही नाही. सगळ्यांनी जन्मभर बोरेच बांधले होते.

"सैल करून आनीन उमरावतीतून," तो म्हणाला. "तू हात नको लावू."

"मी कायले लावते," रुख्मिणी म्हणाली आणि चुलीकडं वळली.

संक्रांतीच्या सुमाराला दोरी आवळायला लागली तसा तो पुढच्या खेपेत दगड्याला पेढीवर घेऊन गेला. मुनीम हसला, पण त्यानं जुनी दोरी कापली, दोन बोटं जातील इतकी सैल नवी बांधली आणि नवा मोर उठवला. त्याच खेपेत दर्यापूरच्या मुक्कामी दगड्यानं पहिला चोर धरला. चोर कसला, बाजूच्याच गाडीचा गडी होता. त्याच्या धोतराचा सोगा दगड्याच्या तोंडात राहिला आणि सगळा मुक्काम जागा झाला. केवढा आवाज त्याचा! शेषराव म्हणाला, "कुत्र्याच्या पोटात नगारा हाये बाप्पा." खुशालराव कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. त्यानं वाटेत दगड्याला अख्खी भाकर गुळासंगं चारली.

त्यानंतरचं सगळं उतरतं होत गेलं. माघ सरता सरता बातमी आली की तिकडची लढाई मिटायला आली. भाव एका आठवड्यात इतका खाली बसला की तेल्हाऱ्याच्या बाजारात लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. शेतकऱ्यांनी कापूस घरात कोंडून ठेवला. भाव पुन्हा चढेल मग विकू. खुशालरावाच्या गाडीला माल मिळेना. रिकामी गाडी घेऊन अमरावतीला कोण जातं?

दगड्या मात्र वाढायचा थांबला नाही. लमाणांचं कुत्रं ते, महिन्यात वासराएवढं झालं. फाल्गुन लागला तेव्हा दोन बोटं तर सोडाच, दोरीखाली काडी जाईना. आधी तो मान झटके, पायानं ओरबाडे. मग ओरबाडणं थांबलं. केस गळाले, कातडी फुटली आणि दोरी हळूहळू सुजेच्या आत दिसेनाशी झाली. वर फक्त लाल मोर राहिला. माशा बसू लागल्या. रुख्मिणी हळद आणि तेल घेऊन बसे, मोराच्या आजूबाजूनं लावी, आणि बोटं दोरीपर्यंत गेली की थांबे.

"काढा ना हो ते," ती म्हणाली.

"अखजीपावतर हाये इमा. येत्या खेपेत सैल करून आनतो."

"खेप कई?"

"पाहू."

"त्यानं कालपासून भाकर नाई खाल्ली."

"रुख्मिणी, गळ्यातलं आपल्या हातानं काढायचं नसते," खुशालराव म्हणाला. तो आवाज चढवून बोलला नव्हता. पण रुख्मिणीनं तेलाची वाटी उचलली आणि ती आत निघून गेली. तिला जे ऐकू आलं ते दोन वर्षांपूर्वीचंच होतं.

होळी झाल्यावर एकदाची अर्धी गाडी भरली. कापसाच्या मालकाला पैशाची निकड होती. खुशालरावानं कापसाच्या बोऱ्यांमध्ये जागा करून दगड्याला गाडीतच ठेवलं. चालायची ताकद त्याच्यात राहिली नव्हती. श्वास घेताना घशातून चरक फिरल्यासारखा आवाज येई. शेषराव पुढच्या गाडीवरून वळून वळून बघत होता.

अमरावतीच्या पेठेत नेहमीची गर्दी नव्हती. विम्याच्या पेढीचं दार बंद होतं. दाराला मोठं कुलूप होतं, कुलपावर लाख होती आणि लाखेवर छाप होता. खुशालराव जवळ जाऊन वाकला. तो मोर नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी छाप होता. पायरीवर माणसं बसली होती, कुणी डोकं धरून, कुणी शिव्या देत. शेटजींनी भाव चढेल म्हणून आपलंच सगळं कापसात घातलं होतं, आणि एका सकाळी ते पेठेत दिसले नाहीत.

गोवर्धन मुनीम समोरच्या वाण्याच्या ओट्यावर बसला होता. अंगावर तोच अंगरखा, पण चुरगाळलेला. खुशालरावानं दगड्याला उचलून त्याच्यासमोर ठेवलं.

"मुनीमजी, दोरी सैल करून द्या."

मुनीमानं कुत्र्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "अरे राम! काप ना ते, खुशालराव. आत्ताच्या आत्ता काप."

"मंग छाप?"

"छाप कुठं हाये आता माह्यापाशी? पेढीच नाई राहिली."

"शेटजी येनार नाई का?"

मुनीमानं इकडंतिकडं पाहिलं. पायरीवरच्या लोकांनी रोज हाच प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं होतं आणि रोज एकच उत्तर देऊन त्याची सुटका होत होती. तेच त्यानं खुशालरावालाही दिलं. "येईन म्हनते. अखजीपावतर येईन."

त्या उत्तरानं घात केला. मुनीम खरं बोलला असता, तर कदाचित खुशालरावानं तिथंच दोरी कापली असती. कदाचितच म्हणायचं, मला तरी खात्री नाही.

परतीच्या वाटेवर दर्यापूरच्या पुढं शेषरावानं आपली गाडी आडवी घालून थांबवली आणि चाकू काढला. "सरक तू. मी कापतो."

"हात लावशीन तं हात तोडीन तुहा!"

"अबे, ज्याच्यासाठी सांभाळून राहिला तो शेट पळाला! कोनाचा इमा, कायचा इमा?"

"इम्याचं नाई सांगत मी," खुशालराव ओरडला. त्याचे डोळे भरले होते. "गळ्यातलं काढलं का काय होते ते म्यां पाह्यलं हाये. तुनं नाई पाह्यलं. मी पाह्यलं!"

शेषरावानं चाकू मिटला. भर उन्हात, मोकळ्या रस्त्यावर, दोन्ही गाड्यांचे बैल माना खाली घालून उभे होते. त्याला जन्मभराच्या दोस्ताची पहिल्यांदाच भीती वाटली, आणि कीवही आली. त्यानं गाडी बाजूला घेतली.

तेल्हाऱ्याला पोचले तेव्हा दुपार होती. खुशालरावानं दगड्याला दोन्ही हातांवर घेऊन अंगणात आणलं आणि निंबाखाली ठेवलं. रुख्मिणी बाहेर आली. तिनं कुत्र्याकडं पाहिलं, मग लाल मोराकडं, मग नवऱ्याकडं. ती अंगणाबाहेर चालती झाली. खुशालरावाला वाटलं, रडायला गेली असेल.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात न्हाव्याच्या घरून मागून आणलेला वस्तरा होता.

"रुख्मिणी, काढू नको." तो आडवा आला. "मरीन ते. काढलं का मरीन."

रुख्मिणी थांबली. दोन वर्षं जी बाई त्याच्या नजरेला नजर देत नव्हती, तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"सोनाजीचा तायत म्यांच काढला होता ना?" ती म्हणाली. "मंग हेबी माह्याच हातानं होऊ द्या. मेलं तं तेबी माह्याच नावावर टाकजा. एक काय अन् दोन काय."

खुशालरावानं वाट सोडली.

"उभे काय राहिले? तोंड धरा त्याचं."

तो खाली बसला. त्यानं दगड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी जबडा धरला. तशी गरजच नव्हती. रुख्मिणीनं वस्तऱ्याचं टोक मोराच्या बाजूनं मांसात घातलं, आणि दगड्यानं फक्त डोळे मिटले. तिनं हळूहळू, बोटाबोटानं, गळ्याभोवतीची सगळी दोरी मोकळी केली. पू आणि रक्त तिच्या मनगटावरून ओघळलं. दोरी निघाली तेव्हा तिला केस चिकटलेले होते आणि जीव नकोसा करणारा वास होता. कापली होती ती गाठीच्या मागच्या बाजूला. लाखेला ओरखडासुद्धा उठला नव्हता.

तिनं ती दोरी खुशालरावाच्या हातात दिली. "घ्या तुमचा मोर. मोडला नाई."

मग तिनं पाणी तापवलं, निंबाचा पाला टाकला, जखम धुतली, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिली. खुशालराव ओसरीवर बसून दगड्याचं पोट वरखाली होताना बघत होता. आता थांबेल, मग थांबेल, असं म्हणत तो ते बघत होता. मनातल्या मनात तो ज्याची वाट पाहत होता ते त्याचं त्यालाच समजलं तेव्हा तो घाबरला. कुत्रं मेलं असतं तर दोन वर्षांपूर्वी तो जे बोलला ते खरं ठरलं असतं.

दगड्या मेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पेज चाटली. पाडव्याला तो अंगणभर चालला. गळ्याभोवती केस आले नाहीत, गुलाबी वळ तेवढा राहिला. आणि आवाज गेला. एकदा दारात गोसावी आला तेव्हा दगड्या ताडकन उठला, चारी पाय रोवून उभा राहिला, तोंड उघडलं, मान वर केली, छाती फुगवली. आणि काहीच ऐकू आलं नाही. गोसावी निर्धास्तपणे आत येऊन उभा राहिला. रुख्मिणीनं त्याला पीठ घातलं आणि मग दगड्याच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवला.

कुत्रं जगलं हे खुशालरावाला मरणापेक्षा जड गेलं. गळ्यातलं काढल्यानं जीव जात नाही. उलट ठेवल्यानं जात होता. ही गोष्ट त्याच्या अंगणात चार पायांवर फिरत होती, आणि तिच्यापासून तोंड लपवायला घरात जागा नव्हती.

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. विम्याची मुदत त्या दिवशी संपत होती. शेटजी आले नव्हते, येणारही नव्हते. घरोघरी गेलेल्यांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरल्या जात होत्या. सासूसासऱ्यांच्या घागरींशेजारी रुख्मिणीनं एक लहानसं मडकं ठेवलं होतं. ते दोन वर्षांपासून ती ठेवत होती, आणि खुशालराव ते न पाहिल्यासारखं करत होता. त्या दिवशी तो तिच्याजवळ जाऊन बसला. ती मडक्यात पाणी ओतत होती.

"रुख्मिणी."

"काय?"

"त्या तायतानं काही..." त्यानं पुन्हा सुरुवात केली. "तायत गळ्यात असता तरी सोन्या गेला असता. तुहं काही चुकलं नव्हतं."

पाण्याची धार मोडली नाही. मडकं काठोकाठ भरेपर्यंत ती ओतत राहिली.

"मले तवाच ठाव होतं," ती म्हणाली. "तुमाले ठाव व्हायले कुत्रं लागलं."

एवढं बोलून ती उठली आणि पुरणाला हात लावायला आत गेली. खुशालराव मडक्यापुढं एकटाच बसून राहिला. रडावं असं त्याला फार वाटलं, पण रडण्याचा आपल्याला हक्क आहे का हे त्याला कळेना.

मोराची लाख बरेच दिवस खुंटीला लटकत होती, ज्या खुंटीला एकेकाळी ताईत होता तिलाच. पावसाळ्याआधी विळ्याची मूठ हलायला लागली तेव्हा रुख्मिणीनं ती काढली, निखाऱ्यावर धरली आणि वितळलेली लाख मुठीत ओतून विळा घट्ट बसवला. गाठ कापायला, दोरी सोडायला आता ती कुणाला बोलवत नसे.

पुढं अकोल्यापर्यंत आगगाडी आली आणि अमरावतीची लांबची खेप संपली. खुशालराव आता तेल्हाऱ्याचा कापूस अकोल्याच्या ठेसनावर टाकून येई. दगड्या गाडीखालून चाले. बाजारातली पोरं त्याला खडे मारून चिडवत, तो तोंड वासून त्यांच्यावर धावे, आणि त्याच्या मुक्या भुंकण्याला पोरं हसत. खुशालराव त्यांना रागावत नसे. तो खाली उतरून दगड्याशेजारी उभा राही. पोरांचं हसू संपेपर्यंत तसाच राही.

खेप आटपून गाडी गावाजवळ आली की दगड्या पुढं पळत घरी जाई. अंगणात उभा राहून, मान वर करून, तो जोरजोरानं तोंड उघडी आणि मिटी. शेजारच्या बायकांना काहीच कळत नसे. रुख्मिणी मात्र आतून, पाठमोरी असली तरी, हातातलं काम ठेवून उठे.

"आयकलं रे बाप्पा, आयकलं," ती म्हणे, आणि नवऱ्याच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात येई.